३२, ४० की ६३? मेन स्विच घेण्याआधी

जुन्या घरातले किटकॅट फ्यूज आणि लोखंडी मेन स्विच काढून नवा बोर्ड बसवायचा म्हटलं, की दुकानदार पहिलं विचारतो, "किती अँपिअरचा देऊ?" ३२, ४०, ६३ सगळे दिसायला सारखेच. मग आपण म्हणतो, "मोठाच द्या, पुढंमागं लागेल." गल्लत इथंच होते. मेन एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडून बंद होणारा स्विच, मुळात मीटरपासून बोर्डापर्यंतची वायर जळू नये म्हणून असतो. त्या वायरीला झेपेल त्याहून मोठा एमसीबी लावला, तर वायर तापत राहते आणि तो पडतच नाही.

आधी बेरीज करा. आपल्याकडची खरी कसोटी पाणी येतं त्या सकाळी. एक एचपीची मोटार साधारण ६ अँपिअर, २ किलोवॅटचा गिझर ९, बेडरूममध्ये अजून चालू असलेला दीड टनी एसी ८, फ्रिज-पंखे-दिवे मिळून ४. झाले २७. त्यात गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन व्होल्टेज उतरलं, की मोटार आणखी करंट ओढते. तरीही ३२ पुरतो. एक एसी, एक गिझर असलेल्या टू-बीएचकेला मी डोळे झाकून ३२ सांगेन.

दुसरा एसी आला की तीच बेरीज ३५ होते. तिथं ४० घ्या, पण वायरही बदला. पाइपातून नेलेली ६ एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर) तांब्याची पीव्हीसी वायर ३० अंशांना ४१ अँपिअर पेलते, ४५ अंशांना फक्त ३२. सोलापूरचा मे महिना आणि पश्चिमेची भिंत धरून हिशेब करायचा, म्हणजे ४० साठी १० एमएम हवी. ती ४५ अंशांनाही ४५ अँपिअर पेलते. जुन्या घरात ४ एमएम निघाली तर तिच्यावर ३२ सुद्धा नको, २५ लावा.

उलट बाजूही आहे. एमसीबीचा आकडा ३० अंशांना धरलेला असतो, त्यामुळे तापलेल्या डबीत ३२ चा थोडा लवकर पडतो. उन्हाळ्यात अधूनमधून पडला म्हणून लगेच मोठा बसवू नका. डबी सावलीत घ्या, स्क्रू आवळून घ्या. निम्म्या वेळा ढिला स्क्रूच दोषी असतो.

६३ सिंगल फेजच्या घरात मला पटत नाही. राज्याच्या नियमांत सिंगल फेजचा सर्वसाधारण पुरवठा ४० अँपिअरपर्यंतच धरलेला आहे. दोन एसींच्या जोडीला इंडक्शनही चालणार असेल तर बेरीज ४३-४४ वर जाते. मग थ्री फेजचा अर्ज करा आणि भार तिन्ही फेजांवर वाटून घ्या. सोलापूरच्या पूर्व भागात घराखाली कापडाचे माग असतील तर त्यांची जोडणी वेगळी. तो भार घराच्या बेरजेत धरू नका. ३२ असो वा ४०, लाईट बिलावरचा मंजूर भार मात्र बघा. कमी असेल तर स्विचआधी तो वाढवून घ्या.

दुकानात आयसोलेटरही दाखवतील. तो नुसता हातानं बंद-चालू करायचा. जादा भार आला म्हणून आपोआप पडत नाही. मेनला डबल पोल एमसीबीच घ्या, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. त्याच्यानंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायची वेळ आली की पडणारा स्विच), एमसीबीइतक्या किंवा वरच्या अँपिअरचा. पैसे वाचवायचेच असतील तर शोभेच्या स्विचपाट्यांवर वाचवा, यावर नको. इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल वेगळा ओढायला वायरमनला आधीच सांगा. नाहीतर आरसीसीबी विनाकारण पडत राहील आणि कंटाळून कोणीतरी तोच काढून टाकेल.