घरी येणारे हॉस्पिसवाले: पाचपैकी चार

आधीच सांगतो, हा तटस्थ अभिप्राय नाही. बऱ्या न होणाऱ्या आजाऱ्यांची घरी येऊन काळजी घेणारी ही सेवा मी दादाच्या आजारपणात घेतली आणि गेलं दीड वर्ष दर गुरुवारी त्यांचाच स्वयंसेवक म्हणून जातोय. तक्रारीही लिहिणार आहे, म्हणून संस्थेचं नाव मुद्दाम टाळलंय.

दादाला तोंडाचा कॅन्सर. तीस वर्षं मावा, दुसरं काय. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, तरी सहा महिन्यांत गालावर जखम फुटली आणि ‘आता घरीच ठेवा’ असं डॉक्टरांनी सांगितलं. बडोद्याच्या दांडिया बझारातलं आमचं घर जुनं. ओसरीवर दिवसभर कोणी ना कोणी टेकलेलं असायचं. जखमेला वास सुटला तशी माणसं रस्त्यावरूनच ‘कसं काय?’ विचारून पुढे जायला लागली. वहिनी उदबत्त्या लावायची, त्याने तो वास आणखीनच नकोसा व्हायचा.

पहिल्या दिवशी सिस्टर आली, तिने मिठाचं पाणी उकळून गार केलं, जखम धुतली आणि मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या दोन चमच्यांत चुरून ती पूड वरून भुरभुरली. जुलाबावर देतात त्याच गोळ्या! चार-पाच दिवसांत वास निम्म्याहून कमी. दादाचं बोलणं तेव्हा बंद झालं होतं, पाटीवर लिहायचा. आठव्या दिवशी त्याने लिहिलं, ‘न्हाव्याला बोलाव.’

दुखण्यावर मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचं औषध, हे नाव ऐकून मीच बिचकलो होतो. दर चार तासांनी गोळी, झोपताना दुप्पट म्हणजे मध्यरात्री उठवायला नको, आणि पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. हे सगळं त्यांच्या डॉक्टरांनी वहिनीला समोर बसवून कागदावर घड्याळ काढून समजावलं. मला नाही, वहिनीला. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा 2014 साली थोडा सैल झाला, तरी ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, त्यामुळे इथे या लोकांवाचून अडतं.

तरी माझ्या लेखी या सेवेतला खरा माल म्हणजे बुधवारचे दोन तास. एक वयस्क गुजराती बेन यायच्या आणि दारातच म्हणायच्या, ‘भाभी, तमे जाओ.’ वहिनी जाणार कुठे? पहिल्या बुधवारी खंडेराव मार्केटला गेली आणि मेथीची जुडी घेऊन पंचवीस मिनिटांत धापा टाकत परत. दुसऱ्या बुधवारी आतल्या खोलीत आडवी झाली, पण कान बाहेर. तिसऱ्या बुधवारी तिने डोक्यावरून न्हाऊन गच्चीत केस वाळवले. ऊन उतरेपर्यंत खाली आली नाही. इकडे बेन दादाला पेपरातलं क्रिकेटचं पान वाचून दाखवत होत्या आणि तो झोपेचं सोंग घेऊन ऐकत होता.

आता तो पाचवा तारा का नाही. फोन संध्याकाळी सहाला बंद. दिवाळीत पाडव्याच्या रात्री दादाला रक्त यायला लागलं, तेव्हा सकाळपर्यंत आम्ही एकटेच होतो. गडद रंगाचा टॉवेल हाताशी ठेवा, एवढी एक गोष्ट आधी सांगितली असती तरी वहिनी त्या पांढऱ्या चादरीला इतकी घाबरली नसती. दुसरं म्हणजे मधे एक नवा स्वयंसेवक आला, तो गाजराच्या रसाने बरे झालेल्यांचे किस्से सांगत बसला. त्याला पुन्हा पाठवू नका म्हटलं तर संस्थेने वाईट वाटून घेतलं नाही, हे मात्र कबूल.

तिकडे काम करायचं असेल तर प्रशिक्षण दोन शनिवार-रविवारचं आहे. केरळात कोझिकोडला 1993 पासून हे काम उभं राहिलं ते शेजारपाजारच्या माणसांच्या जिवावर, ते तिथे नीट समजावतात. बाकी बरंचसं डुलकी काढण्यासारखं, पण एक अख्खी दुपार फक्त ‘बसायचं कसं’ यावर होती. मी मनात हसलो. मग पहिल्याच घरी उभ्याउभ्या पाऊण तास धीर देत बोललो आणि त्या काकांनी भिंतीकडे कूस वळवली. आता आधी खुर्ची ओढतो. नखं कापतो, पेन्शनचे फॉर्म भरतो, कधी नुसता पंख्याखाली बसून येतो.

बोलावणार असाल तर शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, आम्ही दोन महिने उशीर केला. आणि पहिल्याच फोनवर घरातल्या बाईला कोणत्या वारी मोकळीक हवी ते सांगा, नाहीतर ते आपल्या सोयीचा वार देतात.

वहिनीनेही गेल्या महिन्यात स्वयंसेवकाचा फॉर्म आणवून घेतलाय. टीव्हीखालच्या कप्प्यात आहे, अजून भरलेला नाही. मीही विचारलेलं नाही.