पॅक्लिटॅक्सेल : एरंडेलातलं की अल्ब्युमिनमधलं?

पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं केमोचं औषध द्यायचं हे ठरलंय, पण साधं द्यायचं की नॅब (अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं), एवढ्यावर गाडी अडलीय, अशांसाठी हा आढावा. रेणू दोन्हींत तोच. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याला शिरेतून न्यायला कुणीतरी वाहक लागतो. साध्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये हे काम क्रेमोफोर, म्हणजे प्रक्रिया केलेलं एरंडेल, आणि अल्कोहोल करतात. नॅबमध्ये मानवी अल्ब्युमिनचे सुमारे १३० नॅनोमीटरचे कण. या औषधाच्या बऱ्याचशा कटकटी रेणूपेक्षा वाहकामुळे होतात, हे एकदा लक्षात घेतलं की पुढची तुलना सोपी जाते.

काही ठिकाणी निवड करायची वेळच येत नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात जेमसिटाबिनच्या जोडीला नॅबच (शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२५ मिलिग्रॅम, पुढचे डोसही याच मापात; पहिला, आठवा, पंधरावा दिवस, चक्र २८ दिवसांचं). अंडाशयाच्या कर्करोगात कार्बोप्लॅटिनबरोबर साधं १७५, दर तीन आठवड्यांनी; तिथे त्याचा अनुभव इतका मोठा आहे की सरसकट बदलायचं कारण दिसत नाही. खरा प्रश्न पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात आणि फुफ्फुसाच्या नॉन-स्मॉल सेल प्रकारात येतो. तिसरा गट साध्या पॅक्लिटॅक्सेलला रिअ‍ॅक्शन आलेल्या रुग्णांचा.

आधी परिणामकारकतेचा मुद्दा, कारण नॅबची बाजू मांडणारे तिथूनच सुरुवात करतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगातल्या चाचणीत नॅब २६० विरुद्ध साधं १७५ अशी तुलना होती, दोन्ही दर तीन आठवड्यांनी. प्रतिसाद (गाठ लक्षणीय आकसणं) ३३ टक्के विरुद्ध १९ टक्के, आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ २३ आठवडे विरुद्ध १६.९. आकडे चांगलेच आहेत. पण साधं पॅक्लिटॅक्सेल स्तनाच्या कर्करोगात दर तीन आठवड्यांपेक्षा दर आठवड्याला ८० या हिशेबाने जास्त चांगलं चालतं, हे त्यानंतर स्पष्ट झालं. म्हणजे नॅबने हरवलं ते तुलनेने कच्च्या वेळापत्रकाला. पुढे सीएएलजीबी या अमेरिकी संशोधन गटाच्या ४०५०२ या चाचणीत दोन्ही साप्ताहिक, बेव्हासिझुमॅब या गाठीचा रक्तपुरवठा रोखणाऱ्या औषधासह, समोरासमोर आली. नॅब १५० आणि साधं ९०. नॅब सरस ठरलं नाही, उलट रक्तपेशी आणि मज्जातंतूंवरचे दुष्परिणाम त्यात जास्त निघाले. तेव्हा ‘नॅब जास्त ताकदीचं’ या वाक्यावर निवड करू नये, असं मला वाटतं. माझा कल नॅबकडे आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे.

ते कारण म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड.

हिशेब मांडून पाहा. साध्या पॅक्लिटॅक्सेलच्या दर मिलिलीटरमध्ये औषध ६ मिलिग्रॅम आणि क्रेमोफोर ५२७ मिलिग्रॅम. १.६ चौरस मीटरच्या रुग्णाला १७५ ने २८० मिलिग्रॅम डोस, म्हणजे सुमारे ४७ मिलिलीटर द्रावण. त्यातून शिरेत जाणारं क्रेमोफोर साडेचोवीस ग्रॅमच्या आसपास, शिवाय २३ मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल. अ‍ॅलर्जीसारखी रिअ‍ॅक्शन येते ती प्रामुख्याने या क्रेमोफोरमुळे, आणि ती दाबण्यासाठी छापील पद्धत अशी: डेक्सामेथासोन २० मिलिग्रॅम तोंडाने बारा तास आधी, पुन्हा २० मिलिग्रॅम सहा तास आधी, मग अर्धा-पाऊण तास आधी शिरेतून अँटिहिस्टॅमिन (अ‍ॅलर्जीवरचं औषध) आणि फॅमोटिडिनसारखं एच-२ (पोटातलं आम्ल कमी करणारं) औषध.

कागदावर हे नीटनेटकं दिसतं. घरी काय होतं? ड्रिप सकाळी दहाला असेल तर गोळ्यांच्या वेळा रात्री दहा आणि पहाटे चार. चार मिलिग्रॅमची गोळी असेल तर दोन्ही वेळा पाच-पाच. बाजारात अर्ध्या मिलिग्रॅमचीही गोळी असते. रुग्ण तिच्याही पाचच घेतो आणि वीसच्या जागी अडीच मिलिग्रॅम पोटात जातं. पहाटेचा गजर वाजत नाही, किंवा वाजतो आणि उलटीच्या भीतीने गोळ्या राहतात. सकाळी विचारलं तर उत्तर ‘हो, घेतल्या’ असंच येतं. म्हणून प्रश्न ‘घेतल्या का’ असा न ठेवता ‘किती गोळ्या, किती वाजता, पाकीट दाखवा’ असा ठेवावा लागतो. एक डोस चुकला की ड्रिप पुढे ढकला किंवा शिरेतून डेक्सामेथासोन देऊन अर्धा तास थांबा. खुर्ची तोवर अडलेली.

आणि ज्यांनी गोळ्या बरोबर घेतल्या त्यांचं? दोन डोस मिळून ४० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे ताकदीने जवळपास २६५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडइतकं. मधुमेही रुग्णाची साखर दोन-तीन दिवस हाताबाहेर जाते, झोप उडते, चेहरा लाल होतो, भूक खवळते, आणि चौथ्या दिवशी उतार लागला की अंगातलं त्राण जातं. रुग्ण हे सगळं ‘केमोचा त्रास’ म्हणून सांगतो. माझ्या पाहण्यात पहिल्या चार दिवसांच्या तक्रारींचा मोठा वाटा पॅक्लिटॅक्सेलपेक्षा स्टेरॉइडचा असतो. हे मोजमाप नाही, पण गोळ्या बंद केल्यावर त्याच रुग्णाच्या तक्रारी बदलतात, हे नजरेआड करता येत नाही.

साध्याची बाजू घेणारे म्हणतील की यावर तोडगे आहेत, आणि ते खरं आहे. बऱ्याच ठिकाणी तोंडाच्या दोन डोसांऐवजी ड्रिपआधी अर्धा तास शिरेतून एकच २० मिलिग्रॅम देतात. साप्ताहिक पद्धतीत पहिले दोन डोस बिनघोर गेले तर स्टेरॉइड पायरीपायरीने उतरवून बंदही करतात, कारण गंभीर रिअ‍ॅक्शन बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्याच डोसला, आणि पहिल्या दहा मिनिटांतच, येते. पण नीट पूर्वतयारी करूनही गंभीर रिअ‍ॅक्शनचं प्रमाण २ ते ४ टक्के राहतंच. तेवढी दहा मिनिटं नर्सने खुर्चीजवळून हलू नये. चेहऱ्यावर लाली, छातीत आवळल्यासारखं, कंबरेत अचानक कळ, ही पहिली चिन्हं. ड्रिप लगेच बंद, त्याच शिरेतून सलाईन चालू, हायड्रोकॉर्टिसोन आणि अँटिहिस्टॅमिन. रक्तदाब पडला किंवा श्वास अडकला तर मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम, वाट न पाहता.

नॅबला ही पूर्वतयारी सहसा लागत नाही. वर सांगितलेल्या २००५ च्या चाचणीत नॅबच्या गटाला ती न देताही अशी गंभीर रिअ‍ॅक्शन नोंदली गेली नाही. बाजारात आल्यानंतरच्या वापरात तुरळक नोंदी आहेत, त्यामुळे आणीबाणीचा ट्रे जवळ हवाच. मात्र एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी: कार्बोप्लॅटिन जोडीला असेल तर उलटीसाठी डेक्सामेथासोन बहुधा द्यावंच लागतं, आणि नॅबचा हा फायदा बराच आक्रसतो. एकटं साप्ताहिक पॅक्लिटॅक्सेल असेल तेव्हा तो पुरेपूर मिळतो.

तयार करण्याच्या टेबलावर दोघांची खोड वेगळी. साधं पॅक्लिटॅक्सेल ०.३ ते १.२ मिलिग्रॅम दर मिलिलीटर इतकं पातळ करायचं, पिशवी आणि सेट दोन्ही पीव्हीसी नसलेले, कारण क्रेमोफोर पीव्हीसीतला डीईएचपी हा मऊ करणारा घटक ओढून घेतं. सेटमध्ये ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर. पिशवी जोरात हलवली किंवा धक्के बसले तर औषध स्फटिक होऊन बाहेर पडतं, फिल्टर चोंदतो आणि पंप ओरडायला लागतो. अशा वेळी फिल्टर काढून ड्रिप पुढे रेटण्याचा मोह होतो. ते करू नये. पिशवी उजेडासमोर धरून पाहा, गढूळ असेल तर फेका. बाटली फ्रिजमधून काढल्यावर धूसर दिसली तर घाबरू नका, खोलीच्या तापमानाला स्वच्छ होते. झाली नाही तर मात्र वापरू नका.

नॅबची पावडर १०० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) येते, सोबत सुमारे ९०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन. २० मिलिलीटर ०.९ टक्के सलाईन हळूहळू, किमान एक मिनिट घेऊन, काचेच्या आतल्या भिंतीवरून सोडायचं. थेट पावडरीवर धार सोडली की फेस होतो, आणि फेस झाला की पंधरा मिनिटं गेली. मग व्हायल पाच मिनिटं न हलवता ठेवायची, नंतर निदान दोन मिनिटं अलगद फिरवायची किंवा उलटीसुलटी करायची. द्रावण दुधासारखं, एकसारखं दिसलं पाहिजे; गुठळ्या नकोत. घाईत हलवणारा हात हाच इथला मुख्य शत्रू. पुढे पातळ करायचं नाही, रिकाम्या पिशवीत तसंच भरायचं, पीव्हीसी चालते. बारीक फिल्टर लावायचा नाही.

एक बारकी गोष्ट बऱ्याच ठिकाणी निसटते. नॅबचं द्रावण दर मिलिलीटरला ५ मिलिग्रॅमचं. सेटच्या नळीत १५ मिलिलीटर राहिलं तर ७५ मिलिग्रॅम औषध कचऱ्यात गेलं. १.६ चौरस मीटरला २६० ने डोस ४१६ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. साध्याच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीत तेवढ्याच १५ मिलिलीटरमध्ये जेमतेम ८ मिलिग्रॅम असतं, म्हणून तिथे कुणाच्या लक्षात येत नाही. नॅब संपल्यावर नळी सलाईनने धुऊन ते पाणीही रुग्णालाच द्या. हाच ४१६ चा डोस अक्षरशः पाळला तर पाचवी व्हायल फोडून ८४ मिलिग्रॅम उरतं. ४०० वर आणलं तर घट चार टक्क्यांहून कमी. पाच टक्क्यांपर्यंतच्या राउंडिंगला तुमच्या विभागाची लेखी परवानगी असेल तर एक व्हायल वाचते, आणि किंमत हाच नॅबचा सर्वांत मोठा अडसर असल्याने ही बचत किरकोळ नाही.

वेळेचं गणित सरळ आहे: साधं तीन आठवड्यांचं तीन तास, साप्ताहिक एक तास, नॅब अर्धा तास. पूर्वतयारीचा अर्धा-पाऊण तास साध्याच्या अंगावर वेगळा.

आता नॅबच्या विरोधातला खरा मुद्दा, म्हणजे हातापायांचा बधिरपणा. २६० च्या डोसला तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे गंभीर, त्रास १० टक्क्यांना, साध्या १७५ ला २ टक्क्यांना. नॅबचा त्रास डोस थांबवल्यावर लवकर उतरतो, मध्यकाल सुमारे २२ दिवस, असं त्याच चाचणीत दिसलं. पण शर्टाचं बटण लागत नाही तिथवर थांबायचंच कशाला? दर भेटीला तीन प्रश्न पुरतात: बटण लावता येतं का, नाणं चाचपून ओळखता येतं का, चप्पल पायातून निसटलेली कळते का. एकाचं जरी उत्तर बिघडलं तरी डोस थांबवून विचार करा. पुन्हा सुरू करताना कमी डोसने. २६० ऐवजी साप्ताहिक १०० ते १२५, मधे एक आठवडा सुट्टी, असं केलं तर हा त्रास हाताळता येतो, असा माझा अनुभव. ड्रिपच्या पंधरा मिनिटं आधीपासून पंधरा मिनिटं नंतरपर्यंत गार हातमोजे-मोजे घालायचे असतील तर नॅबला एक तास पुरतो, साप्ताहिक साध्याला दीड. गारठा सहन न होणाऱ्यांना हा अर्धा तास जाणवतो. ज्यांना आधीच मधुमेहाने पाय बधिर झालेत त्यांच्या बाबतीत मात्र मी नॅबसाठी आग्रह धरणार नाही. साखरेसाठी नॅब बरं आणि पायांसाठी साधं, अशी ही कोंडी आहे. तिथे साप्ताहिक साधं, स्टेरॉइड लवकर उतरवून, हा मधला रस्ता बरा.

चक्राच्या सुरुवातीला न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या खाली असतील तर दोन्ही थांबतात. बिलिरुबिन (यकृताचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढलं असेल तर दोन्हींचा डोस कमी करावा लागतो, आणि स्वादुपिंडाच्या रुग्णात ते ठळक वाढलं असेल तर नॅब टाळतात. अल्ब्युमिन मानवी रक्तापासून येतं, त्यामुळे रक्तघटक न घेणाऱ्या रुग्णाला हे आधी सांगायलाच हवं. साध्यातल्या अल्कोहोलमुळे ड्रिपनंतर गाडी चालवू नये, आणि डायसल्फिरामसारखी (दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी) औषधं चालू आहेत का, तेही विचारावं.

मग कुणाला काय? साध्याला रिअ‍ॅक्शन आलेले, स्टेरॉइडने साखर किंवा मन बिघडणारे, पहाटेच्या गोळ्यांचं वेळापत्रक ज्यांच्या घरात टिकणार नाही असे: शक्य असेल तर नॅब. खर्च झेपत नसेल तर साप्ताहिक साधं ८० हे दुय्यम औषध मुळीच नाही. परिणामाच्या बाबतीत ते खांद्याला खांदा लावून उभं राहतं, फक्त पूर्वतयारी शिस्तीत हवी.

बदल करताना एक धोका आवर्जून टाळायचा. दोन्ही नावांत ‘पॅक्लिटॅक्सेल’ आहे आणि डोस एकमेकांना लागू नाहीत. २६० हा आकडा साध्याच्या ऑर्डरवर गेला तर तो जवळपास दीडपट डोस होतो. ऑर्डरवर नुसतं ‘पॅक्लिटॅक्सेल’ लिहायचं नाही. ‘साधं’ किंवा ‘अल्ब्युमिनयुक्त’, चौरस मीटरचा डोस, एकूण मिलिग्रॅम आणि ड्रिपचा वेळ, हे चारही एकाच ओळीत. दुधाळ पिशवीला फिल्टरचा सेट जोडलेला दिसला, किंवा पारदर्शक पिशवीवर ‘३० मिनिटं’ लिहिलेलं दिसलं, तर पंप सुरू न करता आधी फार्मसीला फोन.