शिपचं काउन्सेलिंग: फुकट आहे पण कामाचं आहे

काकांसाठी शिपकडे गेलो होतो, म्हणजे अमेरिकेत मेडिकेअरबद्दल फुकट सल्ला देणारा सरकारी कार्यक्रम. काका अमेरिकन आर्मीत होते, मग कंपनीतून रिटायर झाले, म्हणजे कंपनीचा रिटायरी प्लॅन (निवृत्तांचा आरोग्य विमा), व्हीए (माजी सैनिकांची सरकारी आरोग्यसेवा) आणि आता 65 झाल्यावर मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा), तीन तीन कार्डं खिशात आणि कुठलं कधी काढायचं ते कोणालाच माहीत नाही! एका एजंटने तर सरळ सांगितलं की व्हीए आहे ना, मग पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) कशाला घेता. नशीब आम्ही ऐकलं नाही.

शिपच्या व्हॉलंटियर बाईंनी तासभर बसून सगळं कागदावर काढून दाखवलं. व्हीए आणि मेडिकेअर एकमेकांचं बिल भरत नाहीत, व्हीएच्या दवाखान्यात मेडिकेअर चालत नाही आणि बाहेर गेलात तर सहसा व्हीएने आधी मंजुरी दिली असेल तरच ते पैसे देणार. बाहेरच्या डॉक्टरकडे मेडिकेअर पहिलं, रिटायरी प्लॅन दुसरा, आणि पार्ट बी नसेल तर बरेच रिटायरी प्लॅन हात वर करतात. वर पार्ट बी उशिरा घेतला की दर पूर्ण 12 महिन्यांमागे 10 टक्के दंड, तोही बहुतेकांना जन्मभर, व्हीए आहे म्हणून सूट नाही. औषधांच्या पार्ट डीला मात्र व्हीएचं कव्हर चालतं, तिथे दंड नाही. हे उलटसुलट नियम कोणी केले देव जाणे.

तक्रार एकच, अपॉइंटमेंटला 3 आठवडे लागले. काही विकायला बघत नाहीत, हे सगळ्यात आवडलं. जाताना रिटायरी प्लॅनचं बुकलेट न्या, आम्ही विसरलो आणि परत खेप पडली.