कवठी चाफा की हिरवा चाफा? नाशिकच्या अर्धसावलीतल्या बागेसाठी

सकाळी दहापर्यंत ऊन आणि मग भिंतीची सावली, अशा जागेत आपल्याकडे बहुतेक जण कुंती लावतात. कुंती छानच, पण ती लिंबाच्या कुळातली. शेजारी कागदी लिंबू असेल तर सायला ही रस शोषणारी कीड दोघांवरही पडते. बारमाही हिरवं आणि इतरांच्या बागेत सहसा न दिसणारं झुडूप हवं असेल, तर या दोन चाफ्यांचा विचार करा.

कवठी चाफा सोनचाफ्याचा भाऊबंद. वाढ संथ, त्यामुळे माणसाच्या उंचीएवढा सहज राखता येतो. पांढरं, मान खाली घातलेलं फूल रात्री उमलतं आणि पिकल्या कवठाचा वास अंगणभर पसरतो. दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळतात, तरी त्या एका रात्रीसाठी मी हे झाड लावीन.

त्याची अडचण सावलीची नाही, आपल्या मातीची आहे. चुनखडी असलेली काळी माती आणि बोअरचं जड पाणी त्याला सोसत नाही. लोह मिळेनासं होतं. शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं. अशा वेळी शेणखत वाढवून उपयोग होत नाही. मोठ्या कुंडीत लाल माती आणि कुजलेला पालापाचोळा भरा, शक्यतो साठवलेलं पावसाचं पाणी द्या. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा कोरड्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात. बुंध्याशी पाचोळ्याचं आच्छादन हवंच. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ थांबते, तेव्हा खत देऊ नका.

हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला आणि बराच काटक. निचरा असेल तर काळ्या मातीतही जमिनीत लावता येतो. मात्र तो झुडपासारखा सुरू होऊन वेलासारखा झेपावतो, फुलांच्या आकडेदार देठांनी आधार धरतो. कुंपण किंवा मांडव आणि दरवर्षी छाटणी, एवढी तयारी हवी. फूल पानांत दिसतही नाही. पिवळं पडायला लागलं की वास सुटतो. दाट सावलीत फुलं कमी येतात.

फ्लॅटची बाल्कनी किंवा लहान अंगण असेल तर माझं मत कवठीला, लांब कुंपण असेल तर हिरव्याला. कवठी घेताना गुटी कलमच (झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) मागा. हिरव्याचं बियांचं रोप चालेल, पण फुलांसाठी काही वर्षं थांबावं लागेल. दोन्ही लावायला जूनचा पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावरची वेळ उत्तम.