शून्य रुपयांचं तिकीट : दहा महिन्यांचा अनुभव

१ जुलै २०२४ ला मी कागदोपत्री ७५ वर्षांचा झालो. आई सांगायची, तुझा जन्म तान्ह्या पोळ्याचा. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जुलै लिहिली आणि तीच तारीख जन्मभर चालली. त्याच आठवड्यात नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावरून काटोलची गाडी धरली आणि एसटीचं शून्य रुपयांचं तिकीट पहिल्यांदा हातात घेतलं. त्याला आता दहा महिने झाले. माझ्या वहीत ३८ तिकिटांची नोंद आहे : काटोलला पंधरा वेळा जाऊन-येऊन, सेवाग्रामला दोनदा, रामटेक आणि शेगाव एकेकदा. एवढं वापरल्यावर चार गोष्टी लिहाव्यात असं वाटलं, कारण ओळखीच्या कितीतरी म्हाताऱ्यांना ही सवलत ठाऊक आहे पण ते घराबाहेर पडत नाहीत.

आधी माहिती. सवलतीचं नाव अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. २६ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे. वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत पूर्ण मोफत प्रवास; साध्या लाल गाडीपासून शिवशाहीपर्यंत. ६५ ते ७५ वयात अर्धं तिकीट, ते पूर्वीपासून आहेच. बायकांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं. म्हणून आमच्या घरी आता असा हिशेब आहे : माझं शून्य, सौ.चं अर्धं. २०२५ च्या जानेवारीत एसटीनं भाडं १४.९५ टक्के वाढवलं, त्याची झळ तिच्या अर्ध्या तिकिटाला लागली, मला लागली नाही.

मी नागपुरातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. पेन्शन भविष्यनिर्वाह निधीची, महिन्याला एकवीसशे रुपये. काटोल इथून साधारण ६० किलोमीटर. पूर्ण तिकीट एका बाजूचं शंभराच्या घरात, माझं अर्धं म्हणजे जाऊन-येऊन शंभर, वरून घरापासून गणेशपेठपर्यंतचा ऑटो. कोणी म्हणेल, शंभर रुपये ते किती. पण मुलाकडून घर चालतं तेव्हा शंभर रुपये मागावे लागतात, आणि मागताना कारण सांगावं लागतं. मुलगा कधी नाही म्हणाला नाही. तरी दिवाळी, राखी, कोणाचं लग्न, कोणाची तेरवी यांशिवाय मी काटोलकडं गेलो नव्हतो, कारण सांगायला कारण नव्हतं. आता सकाळी उठून वाटलं की पिशवी घेतो आणि निघतो. ह्या सवलतीनं मला खरं काय दिलं असेल तर हे.

काटोलच्या पुढं आठ किलोमीटरवर माझी मोठी बहीण राहते. आम्ही तिला बाई म्हणतो. तिला ऐकू येत नाही. कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, त्यात नुसता गोंगाट येतो म्हणून तिनं ते डब्यात ठेवून दिलं. त्यामुळं फोनचा काही उपयोग नाही. भाचा फोन लावून तिच्या हातात देतो, ती आपलंच बोलते, 'बरी आहो बापा, जेवले' म्हणते आणि ठेवते. तिच्याशी बोलायचं तर समोर बसावं लागतं, ओठ दिसले पाहिजेत, हात धरता आला पाहिजे. मी गेलो की पहिला प्रश्न ठरलेला : 'काऊन बापा, किती लागले?' आधी मी बोटांनी पन्नास दाखवायचो आणि ती हळहळायची. आता अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करून दाखवतो. पहिल्यांदा तिला पटलं नाही. मी खिशातून तिकीट काढलं. तिला अक्षर येत नाही, पण शून्य ओळखते. तिनं ते तिकीट डोळ्यांजवळ नेलं, शून्यावरून बोट फिरवलं आणि चोळीत ठेवून दिलं. परतीच्या गाडीत तपासणीस आला तर जाण्याचं तिकीट लागत नाही, म्हणून मीही मागितलं नाही.

तिकिटाचं सांगायचं म्हणजे, ते मागून घ्या. पुष्कळ म्हातारे आधार दाखवतात, वाहक मान हलवतात आणि ते तसेच बसून राहतात. तसं करू नका. मशीनमधून शून्याचं तिकीट निघतं तेव्हाच तुमच्या प्रवासाची नोंद होते, आणि त्या नोंदीवरूनच एसटी सरकारकडं सवलतीची रक्कम मागते. तिकीट निघालं नाही तर एसटीच्या पदरात काही पडत नाही आणि तपासणीत तुम्ही बिनतिकिटाचे ठरता. मी आता गाडीत बसलो की आधार हातातच ठेवतो. एक वाहक ताई तर मला ओळखायला लागल्या आहेत. 'पुन्हा बहिणीकडं का जी, काकाजी?' विचारतात, तरी दर वेळी कार्ड बघतात. ते बरोबरच आहे.

कागद कोणते चालतात याची काळजी नको. आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोनवरचं एम-आधार किंवा डिजिलॉकरही चालतं. अट एकच, त्यावर जन्मतारीख नीट पाहिजे. माझ्या आधारवर आधी फक्त साल होतं. शाळा सोडल्याचा दाखला नेऊन तारीख घालून घेतली. ज्यांची पंच्याहत्तरी जवळ आली आहे त्यांनी हे काम सहा महिने आधीच उरकावं.

आणि इथंच माझं सगळ्यात मोठं दुखणं आहे. बाई शाळेत गेली नाही. गांधीजी गेले तेव्हा ती तीनेक वर्षांची होती असं आई सांगायची, म्हणजे ती आज ८० ची. पण आधारचं शिबिर गावात आलं तेव्हा कोणीतरी अंदाजानं १ जानेवारी १९५३ टाकलं. कागदावर माझी मोठी बहीण माझ्यापेक्षा साडेतीन वर्षांनी लहान आहे. तिचा थोरला मुलगा १९६४ चा. कार्ड खरं धरलं तर तेव्हा ती अकरा वर्षांची होते. माझा दाखला घेऊन मी एका दुरुस्ती केंद्रात गेलो. म्हटलं, धाकटा भाऊ १९४९ चा आहे तर थोरली १९५३ ची कशी असेल? समोरचा मुलगा सज्जन होता, त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, पण म्हणाला की तिचा स्वतःचा पुरावा पाहिजे आणि जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते, तेव्हा घाई करू नका. ह्या हिशेबानं ती २०२८ च्या १ जानेवारीला ७५ ची होईल. खरी तेव्हा ८३ ची असेल. खेड्यातल्या न शिकलेल्या बायकांना, ज्यांना ह्या सवलतीची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांच्याच कार्डावर वय चुकलेलं असतं. हे मला फार लागतं.

आता गाडीचं. तिकीट माफ झालं, पायरी माफ झाली नाही. साध्या गाडीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. उजव्या हातानं दांडी धरायची, डावा पाय आधी टाकायचा, पिशवी कोणाला तरी वर द्यायची. हे मी तीन-चार फेऱ्यांत शिकलो. नोव्हेंबरात परत येताना भाच्यानं आंबिया बहाराची संत्री दिली, पाच-सहा किलो असतील. पिशवी हातात घेऊनच चढायला गेलो, मागून गर्दी रेटत होती, पाय सुटला आणि नडगी पायरीच्या पत्र्यावर खरचटत खाली आली. दोन पोरांनी दंडाला धरून उचललं. संत्री सगळी फलाटावर पसरली. कोणीतरी ती गोळा करून पिशवी माझ्या मांडीवर आणून ठेवली, एकही कमी नसावं असं वाटलं. तेव्हापासून मी गाडी लागल्याबरोबर धावत नाही. गर्दीची गाडी सोडतो, पुढची धरतो. आपल्याला वेळेची घाई नसते, ही आपली श्रीमंती आहे, ती वापरावी.

ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव असं खिडकीवर लिहिलेलं आसन असतं. ते मागायला लाजू नका. शक्यतो पुढची जागा धरा, मागच्या चाकावर बसलात की दर खड्डा कमरेला लागतो.

लांबचा प्रवास फुकट आहे म्हणून करू नका, हे माझं स्पष्ट मत. शेगावला गेलो तेव्हा सात तासांच्या वर लागले. दर्शन फार समाधानाचं झालं, पण परत येताना पाय सुजले होते. आमच्या वयाच्या पुरुषांना दर दीड-दोन तासांनी लघवीला जावं लागतं. गाडी थांबते ती तिच्या ठिकाणी, आपल्या गरजेला नाही. मी आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी प्यायलो आणि ती चूक होती, दुसऱ्या दिवशी गरगरायला लागलं. अडीच-तीन तासांच्या आतली गावं ह्या सवलतीसाठी योग्य : रामटेक, वर्धा, सेवाग्राम, काटोल, सावनेर, उमरेड, भंडारा. पुण्याला नातवाकडं जायला मात्र मी अजून रेल्वेचाच विचार करतो, आणि तिथं खिसा आड येतो. मार्च २०२० पर्यंत रेल्वेत पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि बायकांना ५८ नंतर ५० टक्के सूट होती. करोनात ती बंद झाली ती झालीच.

आणखी एक, आपलं नागपूर सीमेजवळ आहे म्हणून. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. छिंदवाड्याकडं किंवा पांढुर्ण्याकडं जाणाऱ्या गाडीत बसलात तर सीमेपुढचं तिकीट काढावं लागतं. शहर बसला ही योजना लागू नाही. म्हणून माझा खर्च अजून पूर्ण शून्य झालेला नाही, ऑटोचे तीस-चाळीस रुपये जातातच.

एकदा कळमेश्वरला गाडी खचाखच भरली होती. मी बसलेला, बाजूला एक तरणा माणूस उभा. तो शेजाऱ्याला म्हणाला, 'फुकटवाल्यांनीच गाडी भरली.' मी काही बोललो नाही. उतरेपर्यंत ते मनात घुमत राहिलं. मी पन्नास वर्षं ह्याच एसटीनं तिकीट काढून फिरलो. लग्नाची वरात एसटीनं गेली, वडिलांना मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात एसटीनं आणलं, बदलीच्या गावचं सामान टपावर बांधून नेलं. तो पोरगा वाईट नव्हता, तोही दिवसभर काम करून उभ्यानं घरी चालला होता. त्याचा राग गाड्या कमी असण्याचा होता, निघाला माझ्यावर.

त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण म्हातारे वाढत जाणार आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर शंभरात जवळपास दहा माणसं साठीच्या वरची होती. २०५० पर्यंत देशात दर पाचांत एक तशी असेल असा अंदाज आहे. दक्षिण कोरियात सोलच्या मेट्रोत ६५ वर्षांवरच्यांना १९८४ पासून तिकीट नाही. आता तिथं म्हातारे फार झाले, तोटा वाढला, आणि वयाची अट वाढवा म्हणून वाद चालतो. आपल्याकडं अट ७५ ची आहे. ७५ नंतर एसटीच्या पायरीवर चढू शकणारी माणसं किती उरतात ते फलाटावर उभं राहून बघावं. आणि जी चढतात ती बहुतेक बहिणीकडं, लेकीकडं, दवाखान्यात किंवा देवाला जातात. मी दर पंधरा दिवसांनी घराबाहेर पडायला लागल्यापासून चालणं वाढलं, साखर आटोक्यात आली, झोप लागते. सौ. म्हणते, तुम्ही चिडचिड कमी करता.

शेवटचे आठ किलोमीटर मात्र अजून नशिबावर आहेत. काटोलहून बाईच्या गावाला जाणारी गाडी शाळेच्या वेळेची, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. शाळेला सुट्टी लागली की तीही नाही. दिवाळीत आणि आता उन्हाळ्यात मी फाट्यावर उतरून कोणाच्या तरी मोटरसायकलवर गेलो. गावचे लोक थांबवतात, 'बसा ना जी' म्हणतात, कोणी पैसे घेत नाही. पण पारा ४४ च्या वर असताना फाट्यावरच्या बाभळीखाली पाऊण तास उभं राहणं ७५ व्या वर्षी बरं नव्हे. मे महिन्यात मी सकाळी सातच्या आतली गाडी धरतो, ओला दुपट्टा आणि मीठ-साखरेचं पाणी बरोबर ठेवतो.

सवलत मी वापरत राहणार. बाईचा कागद झाला तर तिला एकदा इकडं आणायचं आहे, आठ वर्षांत ती माझ्या घरी आलेली नाही. भाचा म्हणतो, अर्धं तिकीट मी काढतो ना मामा. पण तिला आपलं शून्याचं तिकीट पाहिजे, ती तसं बोट जुळवून दाखवते. ज्यांनी अशा न शिकलेल्या म्हाताऱ्या माणसाची जन्मतारीख आधारवर दुरुस्त करून घेतली असेल, त्यांनी कोणता कागद चालला तेवढं सांगा. पुढच्या मंगळवारी मी काटोलला जातो आहे, बाईच्या घरातली जुनी पेटी त्याच दिवशी उघडून बघू.