हृदयाचं मॉडेल: दोरे झकास, रंगात नापास

जीवशास्त्र शिकवताना इतकी वर्षं हृदय फळ्यावरच काढत आले. चार कप्पे (वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका), भरपूर बाण. मुलं आकृती पाठ करतात, मार्कही मिळवतात, पण उजवी जवनिका छातीत नेमकी कुठे असते विचारलं की एकमेकांकडे बघतात. म्हणून हे प्लास्टिकचं मॉडेल घेतलं. खऱ्याच्या दुप्पट आकाराचं, चार तुकड्यांत उघडणारं, लोहचुंबकांनी जोडलेलं. वर्षभर वापरून मगच लिहितेय.

आधी जमलंय ते सांगते. डावी जवनिका उघडली की द्विदल झडपेच्या पाकळ्या आणि त्यांना खालून धरणारे पांढरे दोरे दिसतात. हे दोरे रंगवलेले नाहीत, खरोखर ताणून बसवलेत, आणि खालची टोकं स्नायूंच्या सुळक्यांत रुतलेली आहेत. नखाने छेडलं तर टण्ण वाजतात. हे दोरे झडप ओढून उघडतात, असा मुलांचा हमखास गैरसमज. झडप उघडते आणि मिटते रक्ताच्या दाबानेच. जवनिका आकुंचन पावताना पाकळ्या छत्रीसारख्या उलट्या होऊन कर्णिकेत जाऊ नयेत, एवढंच दोऱ्यांचं काम. पाकळी आतून बोटाने वर ढकलायची आणि दोरा ताठ होताना बघायचा. फळ्यावर हे कसं दाखवणार?

महाधमनीच्या तोंडाशीही कारागिराने जीव ओतलाय. तिथल्या तीन पाकळ्यांच्या जरा वर दोन बारीक भोकं आहेत, टाचणी जाईल एवढी. खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्या तिथून निघतात. दोन कर्णिकांमधल्या पडद्यावर अंगठा टेकेल असा खळगाही ठेवलाय. जन्माआधी तिथे वाट उघडी असते, कारण फुप्फुसं कामाला लागलेली नसतात आणि बरंचसं रक्त उजवीकडून थेट डावीकडे जातं. जन्मानंतर ती वाट मिटते, खळगा तेवढा उरतो.

आता रंग. रक्ताची वाट दाखवायला मी लोकर वापरते: ऑक्सिजन कमी असलेल्या रक्ताला निळी, फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन आलेल्याला लाल. निळी लोकर वरच्या महाशिरेतून उजव्या कर्णिकेत, त्रिदल झडपेतून उजव्या जवनिकेत, तिथून फुप्फुस धमनीतून बाहेर. छान गेली. मग लाल लोकर फुप्फुस शिरेतून डाव्या कर्णिकेत घालायला घेतली, तर पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, लाल लोकर निळ्या नळीत कशी काय?" बघते तर खरंच. चार फुप्फुस शिरांपैकी डावीकडच्या दोन लाल, उजवीकडच्या दोन निळ्या! ज्या एका ठिकाणी मुलं नेमकी चुकतात, तिथेच मॉडेलही चुकलेलं. विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "शिरा निळ्याच असतात." धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी आणि शिरा म्हणजे हृदयाकडे आणणारी, आतलं रक्त कसलंही असो, हे मी त्यांनाही समजावलं. पुढे उत्तर नाही. शेवटी लाल नेलपॉलिशचे दोन हात मारले. लांबून कळत नाही.

दुसरी चूक नेलपॉलिशने सुटणारी नाही. दोन्ही जवनिकांच्या भिंती सारख्याच जाड आहेत. पट्टी लावून मोजल्या. खऱ्या हृदयात डावी भिंत उजवीच्या साधारण तिप्पट जाड असते, कारण उजवीला शेजारच्या फुप्फुसांपर्यंत पोचायला पाऱ्याचा 25 मिमीच्या आसपास दाब पुरतो, डावीला सगळ्या शरीरासाठी 120 लागतो. रक्त मात्र दोघी सारखंच ढकलतात, विश्रांतीत दर ठोक्याला 70 मिलीच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सुमारे 5 लिटर. डावी जाड म्हणून तिच्यातून रक्त जास्त जातं असं मुलांना वाटतं. या मॉडेलवर तो गैरसमज व्हायलाच वाव नाही, कारण जाडीच दिसत नाही.

जवनिकांमधल्या पडद्यात एक स्क्रूचं भोक आरपार आहे. गेलेन खूश झाला असता. दुसऱ्या शतकातल्या या वैद्याच्या मते तिथल्या अदृश्य छिद्रांतून रक्त पलीकडे झिरपायचं. इब्न अल-नफीसने तेराव्या शतकात ते नाकारलं, आणि हार्वेने रक्त सगळ्या शरीरात गोल फिरतं हे मांडलं 1628 मध्ये. मी भोकात मेण भरलंय.

स्टँडवर हृदय सरळ उभं राहतं, हेही खटकतं. छातीत ते तिरकं आणि जरा वळलेलं असतं, उजवी जवनिका पुढच्या बाजूला. त्यामुळे मी ते स्टँडवरून काढून एखाद्या मुलाच्या छातीशी धरते, टोक त्याच्या डावीकडे आणि खाली. तेव्हा डाव्या कर्णिकेचं झाकण हटकून जमिनीवर पडतं. चुंबक अगदीच मरतुकडा आहे.

पाचपैकी तीन. दोरे नसते तर दोनच दिले असते.