आर-१० मॅच छर्रे : स्पर्धेसाठी हेच घ्या

नेमबाज राही सरनोबतच्या कोल्हापुरात पिस्तूल हातात धरलं की छर्र्यांवर काटकसर करवत नाही. १० मीटर एअर पिस्तूलसाठी मी आरडब्ल्यूएस ब्रँडचे आर-१० मॅच वापरतो. ४.५ मिलिमीटर, वजन ०.४५ ग्रॅम. चपट्या तोंडामुळे कागदावर गोल, स्वच्छ भोक पडतं. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं, त्यामुळे छर्रा रेघेला लागला की नाही हे नीट दिसायलाच हवं. मागची कडा मात्र फार नाजूक. डबी कुठे आपटली असेल तर दबलेले छर्रे निघतात. भरण्याआधी एकेक बोटांत फिरवून बघा, वाकडा दिसला की बाजूला काढा. महाग आहेत, पण पैसे वसूल. आणि हे शिसं आहे! सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कटवड्याला हात लावू नका, पोरांना तर बजावूनच सांगा.